सामोआ २०१९ : दोन बाळांचे मृत्यू, दहा महिन्यांचा खंड आणि गोवराची साथ

गोवराची लस पावडरच्या रूपात येते. काचेच्या छोट्या बाटलीत तळाला चिकटलेला फिकट थर असतो, आणि तो विरघळवण्यासाठी वेगळ्या ॲम्प्युलमध्ये, म्हणजे काचेच्या बंद कुपीत, पाणी असतं. उपकेंद्रावरच्या सिस्टर त्याला डायल्युअंट म्हणतात. सिरिंजमध्ये पाणी ओढायचं, बाटलीत सोडायचं, हलक्या हातानं बाटली फिरवायची, वर वेळ लिहायची. आपल्या नियमानुसार एकदा तयार केलेली ही लस चार तासांत वापरायची आणि उरली तर टाकून द्यायची. सत्राच्या दिवशी हे काम इतक्या सवयीनं होतं की हात आपोआप चालतात. सिस्टरांच्या प्रशिक्षणात मी नेमकी हीच कृती पुन्हापुन्हा थांबवून बघायला सांगतो, आणि त्यामागे जे प्रकरण आहे ते इथे सविस्तर मांडतो आहे.

सामोआ हे पॅसिफिक महासागरातलं, न्यूझीलंडच्या ईशान्येला असलेलं छोटं राष्ट्र. उपोलू आणि सवाइई ही दोन मोठी बेटं, राजधानी आपिया. लोकसंख्या साधारण दोन लाख, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढी. ६ जुलै २०१८ रोजी सवाइई बेटावरच्या साफोतू इथल्या रुग्णालयात वर्षाच्या आसपासच्या दोन बाळांना एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाची लस टोचण्यात आली. पहिलं बाळ काही मिनिटांतच गेलं. दुसरं बाळही त्याच दिवशी गेलं.

लसीची पावडर पाण्यात विरघळवलीच नव्हती. पाण्याऐवजी शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करण्यासाठी वापरतात ते औषध, तेही मुदत संपलेलं, बाटलीत गेलं होतं. हे औषध श्वासाचे स्नायूही थांबवतं. भूलतज्ज्ञ ते देतात तेव्हा रुग्णाचा श्वास यंत्रावर असतो. मांडीवरच्या बाळाला असा कोणताच आधार नव्हता.

लसीत दोष नव्हता, पण आईबापांनी जे पाहिलं त्यात हा फरक कुठेच दिसत नव्हता. त्यांना दिसलं ते एवढंच की धडधाकट बाळ दवाखान्यात नेलं, सुई टोचली आणि बाळ गेलं.

घटनेचं नाव ठरवणं

लस दिल्यानंतर काही विपरीत घडलं तर त्याची चौकशी करताना पहिलं काम असतं घटना कोणत्या गटातली आहे ते ठरवणं. असे गट पाच. लसीच्या अंगभूत गुणामुळे आलेली प्रतिक्रिया, लसीच्या उत्पादनातला दोष, लस साठवताना वा देताना झालेली माणसाची चूक, सुईच्या भीतीनं येणारी चक्कर वगैरे, आणि निव्वळ योगायोग, म्हणजे लस दिली नसती तरी जे झालंच असतं ते. हे वर्गीकरण कागदी वाटतं, पण पुढचं सगळं त्यावर ठरतं. उत्पादनात दोष असेल तर तो बॅच जिथे जिथे गेला तिथून परत मागवावा लागतो. योगायोग असेल तर तो कुटुंबाला समजावून सांगावा लागतो, आणि ते फार अवघड काम आहे. माणसाची चूक असेल तर फ्रिज, कपाट, लेबल, कामाची पद्धत आणि प्रशिक्षण तपासायचं असतं. लस थांबवण्याचं कारण मात्र त्यात उरत नाही.

साफोतूची घटना सरळसरळ तिसऱ्या गटातली. अशा चुका फक्त सामोआत होतात असं समजायचं कारण नाही. ३१ जानेवारी २०२१ च्या पोलिओ रविवारी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात १२ लहान मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात निर्जंतुक करायच्या सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. सगळी मुलं वाचली म्हणून ती बातमी काही दिवसांत मागे पडली. तिथली बाटली वेगळी, पण वाट साफोतूचीच. हाताशी दोन बाटल्या, गर्दी, घाई, आणि लेबल वाचायचा तो एक क्षण वगळला गेलेला.

स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांपैकी काही लसीसारखीच फ्रिजमध्ये ठेवावी लागतात. म्हणून लसीच्या फ्रिजमध्ये लस आणि डायल्युअंट सोडून दुसरं काहीही ठेवायचं नाही, हा नियम आहे. इन्सुलिन नाही, प्रसूतीच्या वेळची इंजेक्शनं नाहीत, कुणाचा डबा तर नाहीच. अनेक ठिकाणी हा नियम कटकट वाटतो, कारण केंद्रात फ्रिज एकच असतो. ज्यांना तो कटकट वाटतो त्यांना मी सामोआ सांगतो.

दहा महिने

मृत्यूंनंतर सरकारनं देशभर एमएमआर लस देणं थांबवलं. पहिल्या काही दिवसांसाठी हा निर्णय बरोबरच होता. दोन बाळं एका दिवसात गेली आहेत आणि कारण माहीत नाही, अशा वेळी पुढचं बाळ टोचायला घेणं कोणत्याही डॉक्टरला जमणार नाही. पण ही स्थगिती आठवड्यांत संपली नाही. कार्यक्रम पुन्हा सुरू झाला तो २०१९ च्या एप्रिलच्या सुमारास, म्हणजे साधारण दहा महिन्यांनी. मृत्यूचं खरं कारण लोकांसमोर नीट आलं ते दोन परिचारिकांवरच्या खटल्याच्या निमित्तानं. त्यांनी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. घटनेला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त छळतं ते हे वर्ष. सत्य पहिल्या महिन्यात सांगता आलं असतं तर ते एका वाक्याचं होतं : "लस चांगली होती, आमच्या माणसांनी ती चुकीच्या औषधात मिसळली, चूक आमची आहे, आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून आम्ही अमुक केलं आहे." हे कबूल करताना सरकारची मान खाली गेली असती. लोक संतापले असते. पण संतापलेली आई पुढच्या महिन्यात दुसऱ्या बाळाला घेऊन येऊ शकते. जिला काहीच सांगितलेलं नाही, ती येत नाही. वर सरकारनं स्वतःच लस थांबवलेली, म्हणजे तिच्या शंकेवर सरकारी शिक्काच बसलेला.

परिचारिकांच्या शिक्षेबद्दल माझं मन अजून स्थिर नाही. निष्काळजीपणा गंभीर होता, आणि पहिलं बाळ गेल्यावर सगळं थांबायला हवं होतं. ज्यांची लेकरं गेली त्यांना न्याय मागण्याचा पूर्ण हक्क होता. तरीही दोन व्यक्ती तुरुंगात गेल्यानं मुदत संपलेलं औषध लसीच्या टेबलापर्यंत कसं पोचलं, या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. ज्या व्यवस्थेत चूक सांगितली की थेट तुरुंग दिसतो, तिथे पुढची छोटी चूक कुणी वहीत लिहीत नाही. छोट्या चुका लिहिल्या गेल्या नाहीत तर मोठी कुठून येणार तेही कळत नाही.

एक गोष्ट आणखी सांगायला हवी, नाहीतर चित्र खोटं होईल. सामोआतलं गोवराचं लसीकरण २०१८ च्या आधीपासूनच घसरत होतं. साफोतूच्या मृत्यूंनी उतारावरून निघालेली गाडी कड्यावरून खाली ढकलली. २०१८ साली गोवराचा पहिला डोस मिळालेल्या बाळांचं प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आलं. दुसऱ्या डोसचं त्याहूनही कमी.

या आकड्याचा अर्थ समजण्यासाठी मी प्रशिक्षणात फळ्यावर एक बाळ काढतो. जुलै २०१७ मध्ये जन्मलेलं. सामोआत पहिला डोस बाराव्या महिन्याला, दुसरा पंधराव्या महिन्याला. म्हणजे या बाळाचा पहिला डोस जुलै २०१८ मध्ये येतो, नेमका लस थांबली त्या महिन्यात. दुसरा ऑक्टोबर २०१८ मध्ये, तेव्हाही लस बंदच. कार्यक्रम सुरू होतो तेव्हा बाळ २१ महिन्यांचं झालेलं. आता ते धावतं, बोलतं, दवाखान्यात नेण्याची सवय मोडलेली, आणि आईच्या मनात साफोतू. ऑक्टोबर २०१९ मध्ये ते सव्वादोन वर्षांचं होईल. त्याच्यानंतर दहा महिन्यांत जन्मलेलं प्रत्येक बाळ याच ओळीत उभं. त्यांच्यामागे ती मोठी मुलं, ज्यांचे डोस आधीच्या घसरणीत राहून गेले.

गोवराला एवढंच हवं असतं.

पंधरातले चौदा

आपल्याकडे गोवराला कुणी फार गंभीर आजार मानत नाही. "गोवर उठला", "अंगावर आला", मग लिंबाचा पाला उशाशी ठेवायचा, आंघोळ घालायची नाही, आठ दिवसांत उतरतो. माझ्या आजीच्या पिढीत हे शहाणपण होतं, कारण दुसरं काही हातात नव्हतं आणि बहुतेक मुलं खरंच बरी व्हायची. जी बरी झाली नाहीत त्यांचा हिशेब घराबाहेर कधी मांडला गेला नाही.

माणसाला होणाऱ्या सर्वाधिक संसर्गजन्य आजारांपैकी गोवर एक आहे. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो. संरक्षण नसलेली १० माणसं रुग्णाच्या निकट आली तर ९ जणांना लागण होते. पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून रुग्ण आजार पसरवत असतो, आणि तेव्हा घरच्यांना ती साधी सर्दी वाटते.

कुणालाच संरक्षण नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना आजार देतो. मधला आकडा धरू, १५. साथ वाढू नये असं वाटत असेल तर एका रुग्णामागे नवा रुग्ण एकाहून जास्त होता कामा नये. म्हणजे त्या १५ पैकी १४ जण आधीच सुरक्षित हवेत. हे झाले ९३ टक्के. आता लसीचा एक डोस साधारण १०० पैकी ९३ मुलांनाच पुरतं संरक्षण देतो. म्हणजे गावातल्या झाडून सगळ्या मुलांना एक डोस दिला तरी आपण जेमतेम काठावर. म्हणून दुसरा डोस. दोन डोसांनंतर संरक्षण ९७ टक्क्यांपर्यंत जातं. ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस, हे लक्ष्य सरकारी हौसेपोटी ठरलेलं नाही, ते या गणितातून आलं आहे. सामोआत सगळ्यात लहान मुलांमध्ये ९५ च्या जागी तीस-चाळीस होते.

या गणितात सर्वात हतबल असतं ते सहा-आठ महिन्यांचं बाळ. आईकडून आलेलं संरक्षण त्याच्या अंगात ओसरत चाललेलं असतं आणि स्वतःच्या लसीचं वय अजून आलेलं नसतं. त्याला वाचवणारी एकच गोष्ट असते, त्याच्या आजूबाजूच्या मुलांना मिळालेली लस. मोठ्या भावाचा चुकलेला डोस या बाळाच्या खात्यावर लागतो. सार्वजनिक आरोग्य या शब्दातल्या 'सार्वजनिक'चा अर्थ मला विचाराल तर मी या बाळाकडे बोट दाखवीन.

ऑकलंडहून

२०१९ साली न्यूझीलंडमध्ये गोवराची मोठी साथ होती. दोन हजारांहून अधिक रुग्ण, त्यातले बहुतेक ऑकलंड परिसरातले. न्यूझीलंडमधल्या सामोअन लोकांची संख्या खुद्द सामोआच्या लोकसंख्येच्या जवळ जाते. लग्न, मयत, चर्चचे कार्यक्रम, सुट्ट्या यांसाठी दोन्हीकडची ये-जा सतत चालू. विषाणूला विमानाचं तिकीट मिळणं ही फक्त वेळेची बाब होती.

सामोआच्या इतिहासात ऑकलंडहून आलेली आणखी एक साथ आहे. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी 'तालुने' नावाचं जहाज ऑकलंडहून आपियाला लागलं. जहाजावर इन्फ्लुएंझाचे रुग्ण होते, तरी न्यूझीलंडच्या ताब्यात असलेल्या तिथल्या प्रशासनानं त्यांना उतरू दिलं. पुढच्या काही आठवड्यांत सुमारे ८,५०० माणसं गेली, म्हणजे देशातलं दर पाचातलं एक. शेजारच्या अमेरिकन सामोआनं जहाजांवर कडक विलगीकरण लावलं आणि तिथे एकही मृत्यू झाला नाही. न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी २००२ साली याबद्दल सामोआची माफी मागितली. एवढी स्मृती असलेल्या देशात १०१ वर्षांनी, पुन्हा नोव्हेंबरातच, लहान मुलांची थडगी खणावी लागली.

ऑक्टोबर २०१९ च्या मध्यावर साथ जाहीर झाली. नोव्हेंबरच्या मध्यावर आणीबाणी लागली, शाळा बंद झाल्या, सार्वजनिक कार्यक्रमांना मुलांना बंदी झाली. या मधल्या महिन्यात गोवरानं आपलं बरंचसं काम करून घेतलं. आपियाच्या मुख्य रुग्णालयात खाटा पुरेनात. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि इतर देशांतून वैद्यकीय पथकं आली.

जानेवारी २०२० च्या सुरुवातीपर्यंत ५,७०० हून अधिक रुग्ण आणि ८३ मृत्यू नोंदले गेले. मृतांमध्ये बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. ८३ हा आकडा आपल्याला लहान वाटू शकतो. म्हणून तेच प्रमाण १२ कोटींच्या महाराष्ट्राला लावून पाहा. जवळपास ५० हजार मृत्यू होतात, तेही मुख्यतः बाळांचे, तीनेक महिन्यांत. लागण पाहिली तर दर ३५ माणसांमागे एक आजारी.

मुलं गेली ती बहुतेक गोवरानंतरच्या न्यूमोनियासारख्या गुंतागुंतीनं. जी बरी झाली त्यांच्याही शरीरात गोवर एक नुकसान मागे ठेवतो. सामोआची साथ चालू असतानाच, २०१९ च्या ऑक्टोबरअखेर, नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गोवरानंतर या मुलांच्या रक्तातली इतर आजारांविरुद्धची आधीची प्रतिपिंडं ११ ते ७३ टक्क्यांपर्यंत पुसली गेल्याचं त्यात दिसलं. म्हणजे गोवर उतरल्यावर मूल जणू पुन्हा तान्हं होतं, पूर्वी झेललेल्या सर्दी-जुलाबांची ओळख विसरलेलं. गोवर होऊन गेलेली पोरं पुढे वर्ष-दोन वर्षं सारखी आजारी असतात, हे आपल्या म्हाताऱ्या बायका सांगत आल्या आहेत. त्यांचं निरीक्षण खरं होतं.

शेजारी

कोणत्याही प्रकरणात "असं झालं नसतं तर?" हा प्रश्न हवेत राहतो. इथे त्याचं उत्तर समोरच आहे, कारण त्याच महिन्यांत तोच विषाणू टोंगा आणि फिजीतही पोचला. टोंगात तो न्यूझीलंडहून परतलेल्या शाळकरी मुलांच्या रग्बी संघाबरोबर आला. तिथे ६०० हून अधिक रुग्ण झाले, त्यातले बरेचसे मोठी शाळकरी आणि तरुण मुलं. फिजीत रुग्ण तीसच्या आत राहिले. दोन्ही देशांत गोवरानं एकही मृत्यू झाला नाही.

महासागर तोच, लोकांचं खाणंपिणं आणि राहणीमान बरंचसं मिळतंजुळतं, हवाही तशीच. "सामोआत कुपोषण असेल", "दवाखाने वाईट असतील", "विषाणूच भयंकर असेल" ही कारणं लोक पुढे करतात, ती टोंगापाशी येऊन अडतात. टोंगा आणि फिजीत लहान मुलांचं लसीकरण ९० टक्क्यांच्या वर होतं. विषाणू आला तेव्हा त्याला वाट सापडली ती मोठ्या मुलांमध्ये तुरळक राहिलेल्या फटींतून. पाळण्यांपर्यंत तो पोचू शकला नाही.

रिकामी जागा कुणी भरली

या प्रकरणावर जे लिहिलं जातं त्यात बहुतेक वेळा खलनायक ठरतात लसविरोधी प्रचारक. त्यांचा वाटा होताच. समाजमाध्यमांवर साफोतूच्या दोन बाळांची कहाणी अर्धीच फिरत राहिली, चुकीच्या औषधाचा भाग गाळून. जून २०१९ मध्ये अमेरिकेतले प्रसिद्ध लसविरोधी प्रचारक रॉबर्ट एफ. केनेडी ज्युनिअर सामोआला येऊन गेले आणि तिथल्या या मंडळींना भेटले. साथ भरात असताना पपईच्या पानांचा रस आणि जीवनसत्त्व अ हे लसीला पर्याय म्हणून सांगितले जात होते. डिसेंबरात सरकारनं एका स्थानिक प्रचारकाला अटकही केली.

यातली जीवनसत्त्वाची गोष्ट थोडी उलगडायला हवी, कारण ती अर्धी खरी आहे आणि अर्धी खरी गोष्ट खोडायला सगळ्यात अवघड. गोवर झालेल्या मुलाला जीवनसत्त्व अ चे मोठे डोस देणं हा मान्य उपचार आहे. त्यानं डोळे वाचतात, मृत्यूही कमी होतात. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतही ते देतात. पण ते आजार झालेल्याला द्यायचं असतं, आणि ते आजार पसरायचा थांबवत नाही. ज्या आईला डॉक्टरनंच हे औषध दिलेलं आहे, तिला "तेच पुरेसं आहे" असं कुणी सांगितलं तर ती का नाही विश्वास ठेवणार?

तरीही माझ्या मते लसविरोधी प्रचारक हे या प्रकरणातलं दुसऱ्या क्रमांकाचं कारण. पहिलं कारण म्हणजे सरकारनं स्वतः सोडलेली रिकामी जागा. जुलै २०१८ ते एप्रिल २०१९ या काळात आई विचारत होती, "माझ्या बाळाला लस देऊ का?", आणि दवाखान्याचं अधिकृत उत्तर होतं, "सध्या नाही." मग अर्धवट गोष्टी सांगणाऱ्यांना खोटं बोलायची फारशी गरजच पडली नाही. दवाखाना स्वतःच बंद दार दाखवत होता.

लाल फडकी

डिसेंबरच्या ५ आणि ६ तारखेला सामोआचं सरकार बंद ठेवण्यात आलं. पंतप्रधान तुइलाएपा सैलेले मालिएलेगाओई यांच्या आदेशानं सरकारी कर्मचारी लसीकरणाच्या कामाला लागले. लोकांनी सकाळी ७ ते संध्याकाळी ५ घरातच राहायचं, रस्त्यावर खाजगी गाड्या नाहीत. ज्या घरात कुणाचीही लस राहिली असेल त्यांनी घरासमोर लाल कापड लावायचं. फाटलेली साडी असावी तसं झाडाला, खांबाला, कुंपणाला बांधलेलं लाल फडकं दिसलं की पथक तिथे थांबे. त्या दोन दिवसांत हजारोंना लस मिळाली. महिनाअखेर लक्ष्यगटातलं लसीकरण ९५ टक्क्यांच्या घरात गेल्याचं सरकारनं सांगितलं आणि आणीबाणी उठली.

या लाल फडक्यांबद्दल दोन्ही बाजूंनी बोललं जातं. घरावर खूण लावून घेणं आपल्या कानाला चांगलं वाटत नाही. १८९७ सालच्या पुण्यात प्लेगच्या वेळी सोजीर, म्हणजे गोरे शिपाई, घराघरांत घुसले, त्याची आठवण मराठी माणसाच्या मनात खोल आहे. पण इथे एक फरक आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. हे फडकं घरच्यांनी स्वतः बांधायचं होतं आणि त्याचा अर्थ होता "इकडे या." पथकात गावाच्या ओळखीची माणसं होती. सक्तीचा कायदा मागे होता हे खरं, तरी त्या आठवड्यात आया रांगा लावत होत्या त्या कायद्याच्या धाकानं, असं मला वाटत नाही. कितीतरी गावांनी लहान शवपेटीचं दफन पाहिलं होतं.

मोहीम यशस्वी झाली, आणि ती पाहून मला आनंद होत नाही. दोन दिवसांत जे करता आलं ते मार्चमध्ये, जूनमध्ये, अगदी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातही करता आलं असतं. माणसं तीच होती. लस टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे जातात. म्हणून डिसेंबरची लस डिसेंबरातल्या बऱ्याच बाळांना उशिराची ठरली.

आपल्या सत्राच्या दिवशी

महाराष्ट्रात हे वाचताना गोवंडी आठवल्याशिवाय राहत नाही. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईच्या या भागात गोवर उठला, लहान मुलं दगावली, पुढे भिवंडी आणि मालेगावातही रुग्ण आढळले. कोविडच्या दोन वर्षांत चुकलेले डोस हे त्याचं एक मोठं कारण होतं. बाधित भागांत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही गोवर-रुबेलाचा जादा डोस द्यावा लागला, म्हणजे नेहमीच्या वेळापत्रकाची वाट पाहणंही परवडेनासं झालं. तिथे कुणाचा मृत्यू लसीच्या चुकीनं झाला नव्हता. फक्त खंड पडला होता. खंड कशानं पडला याच्याशी विषाणूला देणंघेणं नसतं.

आपल्या लसीकरण सत्रात प्रत्येक आईला चार गोष्टी सांगायच्या असतात : आज कोणती लस दिली आणि ती कशासाठी, किरकोळ त्रास काय होऊ शकतो आणि तेव्हा काय करायचं, पुढच्या वेळी कधी यायचं, आणि कार्ड जपून ठेवून बरोबर आणायचं. बहुतेक सिस्टर आणि आशाताई हे चार निरोप झोपेतही सांगू शकतात. बाळाला अर्धा तास थांबवून घ्यायचं असतं, तेही बहुतेक ठिकाणी होतं.

सामोआचं प्रकरण शिकवायला लागल्यापासून मी यात एक पाचवी गोष्ट घालतो. ती कोणत्या परिपत्रकात नाही. लस बनवण्याआधी बाटली आणि डायल्युअंटची ॲम्प्युल दोन्ही आईच्या समोर धरायची आणि लेबल मोठ्यानं वाचायचं. लसीचं नाव, मुदतीचा महिना, डायल्युअंट त्याच कंपनीचं आहे की नाही. आईला इंग्रजी अक्षरं कळोत वा न कळोत. तिला ऐकू येईल एवढ्या आवाजात वाचायचं.

पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एका सिस्टरनं हात वर केला. म्हणाल्या, "सर, एका सत्राला तीस-चाळीस बाळं असतात. किती वेळ जाईल?" आम्ही तिथेच घड्याळ लावून पाहिलं. एका वाचनाला बारा सेकंद लागले. दुसऱ्या एका सिस्टरनं त्यावर विचारलं, "आणि वाचताना चूक सापडली तर? आईच्या समोरच कळेल ना." मी म्हटलं, हो, तिच्या समोरच. खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग पुढच्या रांगेतल्या एका वयस्क सिस्टरनं टेबलावरची लसीची रिकामी बाटली उचलली, चष्मा वर केला आणि लेबल वाचायला सुरुवात केली.